२००७, २०१० की २०१४? जुनी केमन घेताना वर्ष कसं वाचायचं

सहकारनगरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४७, नोकरी चाकणला, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात. घराचं कर्ज फिटलं, मुलगी शिकून नोकरीला लागली. कॉलेजपासून मनात असलेली पोर्शे आता घ्यायची, अर्थात जुनी. त्यांनी केमन या पोर्शेच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स मॉडेलच्या तीन गाड्या हेरून ठेवल्या आहेत. पहिली मुंबईची, २००७ ची केमन एस (साध्या केमनपेक्षा मोठ्या इंजिनाची), मॅन्युअल गिअरची, तिन्हींत स्वस्त. दुसरी पुण्यातलीच, एमएच १२ पासिंगची. जाहिरातीत ‘२०१० मॉडेल’, नोंदणी मार्च २०१० ची, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, रनिंग ३८,००० किलोमीटर. तिसरी बंगळूरची २०१४ ची केमन. ती घेतली तर हातात काहीच उरत नाही. मित्र म्हणतात, जितकं नवं तितकं बरं. पत्नी विचारतात, दोन सीटची गाडी आपल्याला कशाला? आणि ते स्वतः विचारतात, कुठलं वर्ष घेऊ, आणि ती चाकणला रोज नेता येईल का?

सप्रेम नमस्कार.

मधली गाडी बघा. पण आधी मालकाकडून आरसीचा फोटो मागवा आणि त्यावर इंजिनाची क्षमता किती लिहिली आहे ते वाचा. २८९३ सीसी असेल तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही. २६८७ सीसी असेल तर जाहिरातीत २०१० लिहिलेलं असो की आणखी काही, ती गाडी सोडून द्या.

कारण सांगतो. नेहमीच्या वापराची सेडान घेताना मित्रांचा सल्ला चालून जातो. केमनची वर्षं मात्र एकसारख्या उंचीच्या पायऱ्या नाहीत. २००७ आणि २००८ मध्ये फारसा फरक नाही. २००८ आणि २००९ मध्ये मात्र इंजिनच बदललं. केमनची सुधारित आवृत्ती २००८ च्या शेवटी जाहीर झाली आणि २००९ मध्ये विक्रीला आली. बाहेरून दिवे आणि बंपर बदललेले दिसतात, पण खरा बदल सीटमागच्या झाकणाखाली आहे.

तुम्ही गुणवत्ता विभागात आहात, त्यामुळे हे तुम्हाला लगेच उमगेल. जुन्या इंजिनात पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट यांच्यामध्ये एक मधला शाफ्ट आहे. क्रँकचं फिरणं तो चेनमार्फत कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. या शाफ्टचं एक टोक सीलबंद बॉल बेअरिंगवर फिरतं. सील झिजलं की आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग खिळखिळं होतं आणि शाफ्ट जागेवरून हलतो. मग टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. अमेरिकेत या बेअरिंगवरून ग्राहकांनी सामूहिक दावा केला होता. २००१ ते २००५ या काळात बनलेल्या गाड्यांबाबत त्यात तडजोड झाली.

मुंबईच्या २००७ वाल्या गाडीवर अन्याय नको. तिच्यात हे बेअरिंग आधीपेक्षा मोठं आणि दणकट आहे, ते जाण्याची शक्यता बरीच कमी आहे. अडचण अशी, की ते बदलायचं ठरवलं तर इंजिनाचे दोन भाग उघडल्याशिवाय बाहेरच निघत नाही. तरीही मला त्या गाडीत बेअरिंगपेक्षा सिलिंडरच्या भिंतींची धास्ती जास्त वाटते. त्या काळच्या ३.४ लिटर इंजिनात पिस्टनचा लेप झिजून सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे पडण्याचा दोष पुरेसा माहीत झालेला आहे. गरम इंजिनातून टकटक ऐकू येते, ऑइल कमी होत जातं, एक्झॉस्टच्या नळीत काजळी धरते. दोष आहे की नाही हे स्पार्क प्लग काढून आत बोअरस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, घालून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि तो निघाला, तर दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकतो.

म्हणजे ती गाडी वाईट आहे का? मुळीच नाही. २९५ पीएस ताकद, सहा गिअर, हायड्रॉलिक स्टिअरिंग. रस्त्याचा पोत हाताच्या तळव्यात उतरतो. ज्याला इंजिन उघडून घ्यायची तयारी आहे, ओळखीचा जाणकार मेकॅनिक आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे ठेवलेले आहेत, त्याने ती जरूर घ्यावी. तुमची ही पहिलीच पोर्शे आहे. तिन्हींत स्वस्त म्हणून ती घेऊ नका, कारण तिचा स्वस्तपणा पहिल्या मोठ्या बिलापर्यंतच टिकेल.

२००९ पासूनच्या इंजिनात तो मधला शाफ्ट मुळात नाही. कॅमशाफ्ट थेट क्रँकवरून चेनने फिरतात. साध्या केमनला २.९ लिटरचं २६५ पीएसचं इंजिन मिळालं, एसला ३.४ लिटरचं ३२० पीएसचं. ऑटोमॅटिकमध्ये जुन्या पाच गिअरच्या टिपट्रॉनिकच्या जागी सात गिअरचा, दोन क्लचचा पीडीके आला. मला या दोघांतही साधी २.९ आवडते. एसच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे ताकद वाढते, पण इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचायची सोयही होते. २.९ मध्ये फवारा सिलिंडरच्या बाहेर, इनटेकमध्येच आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जातात. उच्च दाबाचा पंपही त्यात नाही. शहरातल्या छोट्या फेऱ्या आणि अधूनमधून वापर, या तुमच्या रीतीला हे साधं इंजिन जास्त मानवेल. आणि ताम्हिणीत २६५ पीएस कमी पडतील अशी काळजी करू नका. तिथे कमी पडतो तो रस्ता.

आता सीसीचा आग्रह का, ते सांगतो. परदेशातून आलेल्या गाडीला तीन वेगवेगळी वर्षं चिकटलेली असतात: कंपनीचं मॉडेल इयर, उत्पादनाचा महिना आणि आरटीओतल्या नोंदणीची तारीख. पोर्शेचं मॉडेल इयर आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतं. गाडी जहाजाने येते, शोरूममध्ये थांबते, कधी डेमो म्हणून वापरली जाते आणि मग तिचं पासिंग होतं. २००८ मध्ये बनलेली गाडी २०१० मध्ये नोंदवलेली असू शकते, आणि विकणारा अर्थातच त्यातलं सर्वांत नवं वर्ष जाहिरातीत टाकतो. तो खोटं बोलतो असंही नाही. त्याच्या आरसीवर ते वर्ष असतंच.

चेसिस नंबरचं दहावं अक्षर मॉडेल इयर सांगतं. तिथे ८ असेल तर २००८, ९ असेल तर २००९, मग ए म्हणजे २०१०, बी म्हणजे २०११, असं पुढे ई म्हणजे २०१४. पण केमनचा बदल मॉडेल इयर सुरू झाल्यावर काही महिन्यांनी झाला, म्हणून दहाव्या जागी ९ दिसला तरी तेवढ्यावर थांबू नका. क्युबिक कपॅसिटी मात्र चकवत नाही. जुनी साधी केमन २६८७ सीसी, नवी २८९३. जुनी एस ३३८७, नवी ३४३६. पीडीके फक्त नव्या इंजिनाबरोबरच आला, त्यामुळे ऑटोमॅटिक गाडीला सात गिअर आहेत का, हीही खात्रीची खूण आहे. तुमच्या पत्रात नुसतं ‘ऑटोमॅटिक’ लिहिलं आहे, म्हणून हे एवढं लांबवलं.

बंगळूरच्या २०१४ बद्दल. ती पुढच्या पिढीची गाडी आहे, २७०६ सीसी, २७५ पीएस. आतून कितीतरी प्रशस्त आणि नीटनेटकी, चासी अधिक ताठ. स्टिअरिंग इलेक्ट्रिक झालं. काहींना त्याचं वाईट वाटतं, मला फारसं नाही. तुमच्याकडे तिच्या किमतीच्या वर आणखी एक चतुर्थांश रक्कम असती, तर मी तीच घ्या म्हणालो असतो. पण ती घेतल्यावर हात रिकामे राहणार, असं तुम्हीच लिहिलं आहे. शिवाय कर्नाटकातून एनओसी आणायची, एमएच नंबर घ्यायचा आणि इथला कर भरायचा. महाराष्ट्रात आयात गाड्यांच्या कराचा दर नेहमीच्या गाड्यांपेक्षा चढा आहे. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, तरी रक्कम बारीक नसते. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन नेमका आकडा काढल्याशिवाय त्या गाडीची खरी किंमत तुम्हाला कळणारच नाही.

मित्र ७१८ साठी, म्हणजे केमनच्या त्यापुढच्या पिढीसाठी, थांबायला सांगत असतील तर ते बजेटच्या बाहेर आहे, शिवाय साध्या ७१८ मध्ये सहाऐवजी चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. वेगवान आहे ते. पण पाठीमागून येणारा सहा सिलिंडरचा आवाज हा तुमच्या कॉलेजपासूनच्या इच्छेचा मोठा भाग असावा, असं पत्र वाचून वाटलं. बॉक्स्टरही सुचवतील, म्हणजे केमनचंच उघडणाऱ्या छताचं भावंड. यांत्रिक बाजू तीच आहे. मात्र छताच्या घडीखालची पाणी जाण्याची भोकं पाल्याने तुंबली की पाणी आत सीटखाली उतरतं, आणि तिथे इलेक्ट्रॉनिक्स आहे. झाडाखाली गाडी लावणार असाल तर बॉक्स्टर नको.

दुसऱ्या गाडीचं रनिंग ३८,००० सांगितलं आहे. मीटर मागे फिरवता येतं, हे तुम्हाला माहीत आहेच. पोर्शेचा संगणक इंजिन एकूण किती तास चाललं, याचीही नोंद ठेवतो, आणि पोर्शेचं निदानयंत्र लावलं की ती वाचता येते. किलोमीटरला तासांनी भागा. १,४०० तास निघाले तर सरासरी ताशी २७ किलोमीटर पडते, म्हणजे थोडं शहर आणि थोडा हायवे, पटण्यासारखं. २,६०० तास निघाले तर सरासरी पंधराच्याही खाली जाते. शौकाने वापरलेल्या गाडीची सरासरी इतकी कमी का, हे मालकाला विचारा आणि उत्तर पटेपर्यंत टोकन देऊ नका. त्याच तपासणीत इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा आणि केव्हा फिरवलं गेलं, हेही पायरीपायरीने दिसतं. पीडीके चुकीचा खालचा गिअर पडू देत नाही, त्यामुळे मॅन्युअल गाडीच्या मानाने इथे चिंता कमी. तरी तो कागद छापून घ्या.

तपासणीला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, इंजिन थंडच ठेवा. बॉक्सर इंजिन सुरू होताना काही क्षण धूर दिसला तर घाबरू नका, सिलिंडर आडवे असल्याने तेवढं चालतं. पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल, तर वाफ आणि ऑइल वेगळं करणारा भाग गेलेला असतो. मग टॉर्च घेऊन पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांतून आत बघा. या गाडीचं इंजिन सीटमागे आहे, पण रेडिएटर पुढे, दोन कोपऱ्यांत आहेत, आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. पुण्याच्या पावसात तिथे पाला आणि चिखल बसतो, वर्षानुवर्षं ओला राहतो आणि कंडेन्सरच्या पत्र्या सडतात. बाहेरून गाडी आरशासारखी पॉलिश केलेली असली तरी या कोपऱ्यांत हात कोणी घातलेला नसतो. विकायच्या आधी तर नाहीच. इथे किती कचरा आहे यावरून मालकाने गाडी कशी ठेवली, ते सर्व्हिस बुकाइतकंच कळतं.

टायरचं वय बघा. बाजूवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर असते, पण रबर दगड झालेलं असतं. अशा टायरवर ओल्या घाटात मागचं टोक कधी सुटेल सांगता येत नाही. चाकं १७ इंची असली तर मी खूश होईन. १९ इंची दिसायला देखणी, पण टायरची भिंत जाड असली की पौड रोडच्या खड्ड्यात रिम वाचते. डॅशबोर्डखाली आणि इंजिनाभोवती वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, हेही बघा. उभ्या गाडीत उंदीर पहिल्याच पावसाळ्यात शिरतात.

चालवून बघायचं तर दोनदा. एकदा भल्या सकाळी कात्रजच्या जुन्या घाटात, गिअर, ब्रेक आणि स्टिअरिंगसाठी. आणि एकदा मुद्दाम संध्याकाळच्या कोंडीत, एसी लावून. कूलंटचा काटा स्थिर राहतो का, पंखे दोन्ही बाजूंचे फिरतात का, रांगत जाताना पीडीके धक्के देतो का, हे विद्यापीठ चौकात अर्धा तास अडकल्यावर जितकं कळतं तितकं हायवेवर कळत नाही. घरी आणताना सोसायटीच्या तळघराच्या रॅम्पवरही एकदा उतरवून बघा. बंपरचा पुढचा ओठ टेकत असेल तर तिरकी उतरवता येण्याइतकी रुंदी आहे का, ते बघा. व्यवहार झाल्यानंतर याचा शोध लागलेले लोक आहेत.

मार्च २०१० ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षं मार्च २०२५ मध्ये पूर्ण झाली. फिटनेस तपासणी करून पाच वर्षांचं नूतनीकरण झालं आहे का, हे आधी विचारा. एप्रिल २०२२ पासून त्याची फी नेहमीच्या मोटारीला ५,००० रुपये आहे, आयात चारचाकीला ४०,०००. शिवाय पर्यावरण कर. झालं नसेल तर मालकाने करून द्यावं आणि मगच मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्हाव्यात. ‘तुम्हीच करून घ्या, तेवढे पैसे कमी करतो’ याला हो म्हणू नका, कारण तपासणीत गाडी अडली तर अडकणार तुम्ही. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी आणखी वाढली, आयात चारचाकीला ८०,००० रुपये झाली. मुंबईची २००७ ची गाडी त्या उंबरठ्याशीच आहे, हेही तिच्याविरुद्ध जातं. मालकाने कर्ज काढलेलं असेल तर आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात घ्या.

पेट्रोलचा विचार कुठलंही वर्ष घेतलं तरी करावा लागेल. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि तुमच्या यादीतली एकही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि सील तपासून, शंका असतील तेवढे बदलून घ्या. पुण्यात काही पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. त्यात इथेनॉल किती, हे पंपावर विचारून तेच भरा. आणि अर्ध्या टाकीवर गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका.

त्यामुळे चाकणला रोज नेऊ का, याचं उत्तर ‘रोज नको, पण दर आठवड्याला चालवा’. भोसरी, मोशी, कंटेनरच्या रांगा, धूळ, तास-दीड तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं. यात गाडीही झिजेल आणि तुमचा आनंदही. रविवारी पहाटे पानशेतला जा, आठवड्यात एखाद्या रात्री रस्ता मोकळा झाला की अर्धा तास फिरवा, इंजिन पूर्ण तापेपर्यंत. पावसाळ्यात उभी राहणार असेल तर बॅटरीला चार्जर लावून ठेवा.

पत्नींच्या प्रश्नाचं उत्तर मी देणं बरोबर नाही, पण एक सुचवतो. तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि कात्रजच्या घाटात निम्मा रस्ता त्यांना चालवू द्या. ही गाडी घरातली दुसरीच असणार, चौघांसाठीची गाडी विकायची नाही, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. पैसे दोघांच्या संसारातून जाणार आहेत. त्यांनी मनापासून नाही म्हटलं तर तेही ऐका.

किंमत ठरवताना एकूण रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला काढा आणि उरलेल्यात सौदा बसवा. पहिल्या वर्षात चार टायर, बॅटरी, कूलंट, ब्रेक फ्लुइड, बहुधा पाण्याचा पंप आणि पीडीकेचं ऑइल, एवढं धरूनच चाला. मालक तपासणीला तयार नसेल तर तिथेच थांबा, २.९ च्या आणखी गाड्या येतील, मुंबईत येतील, दोन महिने लागतील एवढंच. आणि आरसीवर २८९३ दिसलं, यंत्राची तपासणी झाली, की तासांचं आणि इंजिन मर्यादेपलीकडे गेल्याच्या नोंदींचं पान मला पाठवा. टोकन देण्याआधी आपण ते एकत्र वाचू.